गहाळ पान

चिकोरीच्या कॉफीचा वास आला की मला बंगळूरच्या बसवनगुडीतली एक संध्याकाळ आठवते. साठ सालाच्या आसपास, मी कॉलेजात असताना, ओळखीचे एक मराठी मास्तर दर रविवारी आपली नवी कादंबरी आम्हां चौघा-पाचजणांना वाचून दाखवत. तिच्यात नायकाची बायको कधी समोर येत नसे, बोलत नसे, तरी घरातला प्रत्येकजण तिचा कानोसा घेऊनच बोले. "बाईचं मन तुम्हाला इतकं कसं कळलं?" मी विचारलं. मास्तर नुसते हसले. मला ते हसणं पटलं नाही. त्यांची बायकोही कधी बाहेर येत नसे, पडद्याखालून फक्त कॉफीचे पेले सरकत. त्या संध्याकाळी हस्तलिखितातलं एक पान सापडेना आणि मास्तरांना पुढचं काही आठवेना. तेवढ्यात पडद्यामागून त्यांच्या बायकोनं अख्खं पान न अडखळता म्हटलं. पुढच्या पानाशी ते तंतोतंत जुळलं. मास्तर गोरेमोरे झाले. "सरी, ठीकच आहे, प्रत तिनंच काढलीय ना, पाठ झालं असेल," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं कादंबरी मास्तरांच्या नावावर छापून आली. आजही ती उघडली की मी तिथंच अडते: नायकाच्या बायकोला शेवटपर्यंत गप्प ठेवायचं, हे मास्तरांच्या घरात नक्की कुणी ठरवलं असेल?