घरमालकिणीचे कर्नल वडील

वर म्हातारी आणि खाली बेसमेंटमध्ये तान्हं पोर असलं, की किस्से साठतात. ग्रोसरीच्या पिशव्या साठाव्यात तसे, टाकवतही नाहीत!

हे कॅनडातल्या एडमंटनचं. नवरा तेलाच्या कॅम्पवर, आठवडे न् आठवडे तिकडेच. घरमालकीण हिल्डाबाई, जर्मन, एकट्या. "नो नॉइज" हे पहिल्याच दिवशी बजावलेलं. बाळ रडलं की मला वाटायचं: आता या घर सोडायला सांगणार, या बर्फात मी जाऊ कुठं? त्या खाली यायच्या, आणि सांगायच्या काय, तर वडिलांचं! जर्मन सैन्यात अधिकारी होते, दोन्ही महायुद्धांत. माझं इंग्रजी सातवीतलं, त्यांचं जर्मन वळणाचं, म्हणून जमायचं.

*

पहिल्या युद्धात वडील विशीतले. खंदकातून हल्ल्याला निघायची शिटी त्यांनी वाजवायची. शिपाई तयार, शिटी तोंडात, पण भीतीनं तोंड कोरडं. वाजेचना! तेवढ्यात निरोप आला, हल्ला रद्द.

वडील म्हणायचे, "तोंडात थुंकी नव्हती, म्हणून त्या रात्री सगळे जेवायला होते!"

*

पुढं नवं सरकार आलं. अधिकाऱ्यांना नव्यानं शपथ घ्यायला लावली. घरी आल्यावर हिल्डाबाईंच्या आईनं विचारलं, "कुणाची घेतली? देशाची?"

"नाही. एका माणसाची."

"आणि तो वेडा निघाला तर?"

वडिलांनी उठून खिडकी लावली!

*

एकदा धीर करून मी विचारलं, "दुसऱ्या युद्धात वडील काय करायचे?"

"म्हणायचे, मी फक्त रेल्वेगाड्या वेळेवर सोडायचो."

"गाड्यांत काय असायचं?"

हिल्डाबाईंनी बाळाचं पांघरूण सारखं केलं. "ते मी विचारलं नाही."

*

उन्हाळ्यात ड्रायर बिघडला. मी पुढच्या रेलिंगवर बाळाचे लंगोट वाळत घातले. हिल्डाबाई ओरडतच आल्या, "ऑफ! ऑफ!" सगळे ओढून काढले. मला वाटलं, संपलं, बांधा सामान! तर त्या लंगोट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या.

"युद्ध हरत आलेलं. ज्या घरावर शरणागतीचं पांढरं फडकं, त्या घरच्यांना गोळ्या! हा हुकूम गावात वडिलांनीच वाचून दाखवलेला. आणि आईनं माझ्या तान्ह्या भावाचे लंगोट रस्त्याकडच्या खिडकीत घातले. एरवी रोज मागच्या दारी घालायची. एक पोरगेला अधिकारी पिस्तूल काढून तिच्यासमोर उभा राहिला. तेवढ्यात वडील आले.

'कर्नलसाहेब, हे पांढरं काय?'

वडिलांनी एक लंगोट ओढला, त्याच्या नाकाशी नेला. 'पांढरं? नीट बघ! माझ्या बायकोला धुता येत नाही. पिवळं आहे हे!'

तो गेला."

हिल्डाबाईंनी लंगोटांची घडी करून माझ्या हातात दिली. "उद्यापासून मागे घाल, पोरी."

मग म्हणाल्या, "आई त्यावरून वडिलांशी मरेपर्यंत भांडली. म्हणायची, 'पांढरेच होते!'"