इंग्लिश आबांची अंघोळ

गिटारचा लांब तुकडा सुरू झाला की इंग्लिश आबा डोक्यावरची टोपी काढायचे. एरवी टोपीशिवाय त्यांना त्यांच्या बायकोने तरी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. पण टेपमधून ते गिटार आलं की टोपी मांडीवर आणि डोळे मिटलेले. तुकडा संपला की टोपी परत डोक्यावर, आणि आबा परत आमच्या लोणखेड्यात.

इंग्लिश त्यांना 'यस'च्या पुढे येत नव्हतं. केळी भरायला आलेला एक परप्रांतीय ट्रक ड्रायव्हर त्यांच्या शेतात कॅसेट विसरून गेला, तीही कव्हर नसलेली, आणि आमच्या शेजारचा हा सरळमार्गी माणूस रॉकच्या नादी लागला तो कायमचा. गाव हसायचं. मीही शाळेतून आले की मुद्दाम खोडी काढायचे, "आबा, काय म्हणतोय हो तो?" आबा शांतपणे सांगायचे, "काय म्हनी ऱ्हायना ते मले समजत नही माय, पन खोटं बोली नही ऱ्हायना."

माझं लग्न होऊन मी सुरतेला गेले. माहेरी आले असताना एकदा ते गाणं मोबाइलला ऐकवलं आणि बँडचं नाव कळलं. म्हटलं, आबा, या, तुमचा गिटारवाला इथेच दाखवते. त्यांनी हात झटकला. "इतलासा मानूस मले नही देखना. त्याले वाजाडतांना एकदाव मोठा देखसू." आयुष्यभर या माणसाने स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर सुरतेच्या एका थिएटरात त्याच बँडवरचा माहितीपट लागला. मी आबांना फोन केला. सणाला लेकीला न्यायला मुराळी यावा लागतो, माझा भाऊ नोकरीत अडकलेला. आबा म्हणाले, मी येतो. पांढराशुभ्र सदरा, कडक टोपी, माझ्या सासूबाईंसाठी केळीची फणी. मुराळी सकाळी उतरला आणि मला घेऊन थेट सिनेमाला गेला. सासूबाई बघतच राहिल्या.

हॉलमध्ये कॉलेजची मुलं, आणि आम्ही दोघं. पडद्यावर तो आला. लांब केस, वाकलेली मान, भिंतीएवढी बोटं. आबांनी टोपी काढली. त्यांचे डोळे या वेळी उघडे होते आणि मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होते. इतकं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलंय.

मग पडद्यावर एक म्हातारी बाई बोलू लागली. बोलता बोलता तिने डोळे पुसले. आबांनी माझ्या कानाशी विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनी ती?"

सांगावं की नाही, असं झालं मला. पण खोटं तरी कसं बोलायचं, या माणसाशी! म्हटलं, "आबा, ती त्याची बायको. तो गेला. बरीच वर्षं झाली."

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. पुढे गिटार पुष्कळ वाजलं, पण टोपी निघाली नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. मी वडे घेतले, ते तसेच थंड झाले. नंदुरबार गेलं आणि प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल आला तसे ते उठले. "उतर."

"आबा, शहाद्याला उतरायचंय आपल्याला."

"मरनानी खबर कानवर पडनी म्हंजे आंग धोवनंच पडस. उशिरा कळनी तरी."

"पण तो तुमचा कोण लागतो?"

"घरना मानूस व्हता," आबा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

उतरत्या उन्हात आबांनी तापीत बुडी मारली. मी त्यांची टोपी धरून घाटावर बसले होते. हसू मुळीच आलं नाही मला. वर आले ते ओल्या अंगाने नदीकडे हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "आते वडा दे."

गावात ही गोष्ट पसरलीच. गोऱ्याची अंघोळ करणारे आबा म्हणून पोरं चिडवायची. आबांनी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी टेप लावायचे, टोपी काढायचे, पूर्वीसारखंच.

यंदा आबा गेले. आमच्याकडे दिराचं लग्न होतं, म्हणून आईने मला उशिरा कळवलं. दुपारची वेळ, मांडव अजून दारात. फोन ठेवला आणि मी उठून डोक्यावरून पाणी घेतलं. ओले केस बघून सासूबाई घाबरल्या. "कोण गेलं गं?"

"आबा."

"आपल्याला सुतक आहे का? कोण लागत होते तुझे?"

"सुतक नाही," मी म्हटलं. "घरना मानूस व्हता."