मामांचे खिळे

आमच्या सौ.च्या मामांनी जावयाचा जसा मान ठेवला आहे, तसा पृथ्वीतलावर कुणी ठेवला नसेल. इतर जावयांना धोंड्याच्या महिन्यात अनारसे मिळतात. मला दर रविवारी सकाळी फावडं मिळतं. मामा लंडनजवळ हाउन्सलोला असतात. विमानतळावर जन्मभर लोकांचं सामान चढवून-उतरवून ते रिटायर झाले आणि शेतात पुरलेली जुनी नाणी शोधायचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. जमिनीखाली धातू असला की वाजणारं मशीन त्यांचं, गाडी माझी आणि कंबरही माझीच.

केंब्रिजच्या वाटेवर एका शेतकरीणबाईनं आम्हाला तिच्या नांगरलेल्या शेतात फिरायची परवानगी दिली आहे. शेतात पाऊल टाकण्याआधी मामा वाकून मातीला नमस्कार करतात. त्यानंतर दिवसभर ते वाकत नाहीत. कानांवर हेडफोन चढवून चालत राहतात आणि मध्येच थांबून बोट दाखवतात. "जावईबापू, खणा. रोमन आहे." मी खणतो. खिळा निघतो. आजवर निघालेला प्रत्येक खिळा रोमन आहे आणि बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवलेला आहे. मामी म्हणतात, "घरात एवढे खिळे, पण गणपतीची फ्रेम अजून सोफ्याला टेकून उभी!" मामांना ते ऐकू जात नाही. दारावरची बेलही जात नाही. जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, कानांच्या टेस्टला पाठवलं, तर गेले नाहीत. "माझे कान फर्स्ट क्लास आहेत. तुम्ही लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात मंबल करता."

खरं सांगायचं तर मी थकलोय. मोटरवेवरचं ट्रॅफिक, बुटांना चिकटलेला किलोभर चिखल आणि सोमवारी ऑफिसच्या खुर्चीतून उठताना तोंडातून निघणारं "आई गं". आता पुरे, असं मी दर रविवारी ठरवतो. पण थर्मासमधला चहा ओतता ओतता मामा म्हणतात, "एक तरी चांदीचं निघू दे हो. मग बंद." आणि माझी जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात कुंपणात अडकून हेडफोनची वायर तुटून मशीनमधून निसटली, तेव्हा मशीनचा आवाज मी पहिल्यांदाच उघड्यावर ऐकला. लोखंडावर ते घोगरं गुरगुरत होतं. एका जागी मात्र ते बारीक किणकिणलं. मामा तसेच पुढे निघाले.

"मामा, वाजलं!"

"काही वाजलं नाही. चला."

मी त्यांना मागे वळवलं. मशीन पुन्हा किणकिणलं. शेतकरीणबाईच्या कुत्र्यानं कान टवकारले. मामांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लोखंडाचा आवाज जाड आणि चांदीचा बारीक, हे त्यांनीच मला शंभरदा शिकवलं होतं. इतके दिवस त्यांच्या कानांना फक्त लोखंड ऐकू येत होतं.

मशीन मामांनी माझ्या हाती दिलं आणि फावडं काढून घेतलं. "आता तुम्ही ऐका. मी खणतो." गुडघे टेकायलाच त्यांना बराच वेळ लागला. मातीतून नखाएवढं पातळ चांदीचं नाणं निघालं, त्यावर कुणा राजाचा झिजलेला चेहरा. मामांनी ते बाहीला पुसलं आणि न बघताच मूठ मिटली.

"कसं वाजलं हो?"

मी तोंडानं तसा आवाज काढून दाखवला. त्यांना ऐकू जावा म्हणून जरा जाडच काढला.

"परत," मामा डोळे मिटून म्हणाले.

मी परत काढला.