अठ्ठेचाळिसावा कोपरा

खडखडाट करत शटर वर गेलं आणि दुपारचं ऊन गोदामाच्या जमिनीवर असं पसरलं, जणू विंगेतून कुणी दिवा सोडला. समोर माल चढवायच्या ओट्याला पाठ लावलेला ट्रक. त्यात लाकडी पाटांवर रचलेले फरश्यांच्या खोक्यांचे बारा पॅलेट, दोन रांगांत खेटून. आणि उजेडाच्या मधोमध, बाह्या सरसावून, मावशी. साऱ्या गोदामाचीच ती मावशी. पण रक्ताच्या नात्याने एकट्या ट्रकचालकाची. त्याला सगळे भोंग्या म्हणत, कारण गाडीचा हॉर्न आणि त्याचं तोंड, दोन्हींना विश्रांती नव्हती.

बावीस वर्षं ती पॅलेट बांधत आली होती. खोक्यांच्या चार उभ्या कडांना जाड पुठ्ठ्याचे कोपरे लावायचे, वरून पट्ट्या आवळायच्या, अंगठ्याने छेडून त्यांचा सूर ऐकायचा आणि खडूने आपली खूण काढायची. तिची खूण मासोळी. कोपरा राहिला तर पट्टी पुठ्ठा कापत आत शिरते, सैल पडते. मग उतारावर ब्रेक दाबला की टनभर फरशी चालकाच्या पाठीवर.

मुकादम ट्रकचं दार लावायला पुढे झाला, तोच मावशीच्या पायाखाली काहीतरी आलं. कोपरा!

"बारा चोक अठ्ठेचाळीस. मोजून घेतले होते मी," ती म्हणाली. "मग हा इथे कसा?"

"जास्तीचा आला असेल."

"मुकादम, माल उतरवा."

"अडीच वाजलेत! बंदराचं फाटक पाचला बंद, रस्ता दोन तासांचा. जहाज काय तुमची वाट बघत थांबणारे?"

तिसरी घंटा झाली की नटाला माघार नसते. इथे तर तिसरी घंटा केव्हाच होऊन गेली होती. पण मावशी जाऊन ट्रकच्या दारातच उभी राहिली.

"भाचा बसलाय गाडीत, म्हणून हे लाड," मुकादम फणकारला.

"बरं, मग तुम्ही बसा. बघू किती घाई राहते ते."

फोर्कलिफ्टवाला खुदकन हसला आणि कामाला लागला. पहिला पॅलेट बाहेर आला. चारी कोपरे जागच्या जागी. दुसरा, तिसराही ठीक. चौथ्याला मुकादमाने घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. पाचवाही ठीक. सहावाही ठाकठीक निघाला, तेव्हा मावशीने हातातला कोपरा उलटसुलट करून पाहिला. मोजण्यात आपलीच चूक असेल तर? बावीस वर्षांचा शब्द एका पुठ्ठ्यापायी मातीला मिळणार होता.

सातवा बाहेर आला. ट्रकमध्ये असताना शेजारच्या पॅलेटआड दडलेली त्याची कड उघडी पडली. पट्टी खोक्यात बोटभर रुतली होती. मावशीने अंगठा लावला. सूर नाहीच, नुसतं फटफट.

"सापडला!" केबिनमधून उतरून आलेला भोंग्या ओरडला. "कोणाचा हा पराक्रम?"

मुकादम खाली वाकला. खडूची खूण त्याने पाहिली आणि मावशीकडे बघतच राहिला. मासोळी होती.

तिला आठवलं. सकाळी भोंग्याने मुकादमाच्या चालण्याची नक्कल केली होती, ती पोट धरून हसली होती, आणि हात आपले सवयीने चालत राहिले होते.

"माझाच," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच चुकले."

तिने पट्टी कापली, कोपरा बसवला, नवी पट्टी आवळली. छेडली. पुन्हा छेडली. माल परत चढेपर्यंत तीन वाजून पाच मिनिटं झाली.

"पाचच मिनिटांचा प्रश्न आहे," मुकादम भोंग्याला म्हणाला. "उतारावर जरा दामटव गाडी."

इंजिन सुरू झालं. मावशी केबिनच्या पायरीवर चढली आणि खिडकीतून भाच्याचा दंड घट्ट धरला.

"फाटक बंद झालं तर होऊ दे, तू दामटवायची नाही. आणि उतार लागायच्या आधी थांब, खाली उतर, प्रत्येक पट्टीला हात लाव. मावशीने बांधलंय म्हणून सोडू नकोस."