खुडूक हाय ती

आमच्या शेजारच्या आक्कांच्या परसात कोंबडी कधी आजारी पडतच नाही. एखादी पिसं फुलवून, मान आत ओढून बसली, की कुणी विचारायच्या आधीच आक्का म्हणतात, "खुडूक हाय ती." अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला कोण नाव ठेवणार? मग तिला पदराआड घरात नेतात, लसूण भरवतात, खुराड्यात राख पसरतात. थंडी सुरू झाली की दरसाल हेच. आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण सगळे मान डोलावतात. ज्याच्या दारातून कोंबड्यांची मर सुरू होते, त्याच्याकडून कोणी उबवायला अंडी नेत नाही.

परवा दौंडहून माझे साडू आले. आक्कांच्या अंगणात बसलेली कोंबडी बघून म्हणाले, "हीच द्या."

"खुडूक हाय, पाव्हणं."

"असू द्या की! कापायचीच हाय."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. 'चला, दुसरीकडं बघू,' एवढंच मी म्हणायचं होतं. मी चपलेनं माती उकरत राहिलो. भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"आजारी हाय," आक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या. "खाऊ नगा."

काल आणखी एक कोंबडी तशीच बसली होती. मीच कुंपणावरून म्हणालो, "खुडूक बसली वाटतं, आक्का?"

त्यांनी वर पाहिलंच नाही.

"तुम्हाला ठाव हाय की."