परळच्या प्रयोगशाळेतली चोरी

खुनाची कितीतरी प्रकरणं मी विसरलो, पण परळच्या प्रयोगशाळेतली ती चोरी डोक्यातून जात नाही. आठवण निघाली की राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बंदोबस्त वाटत असताना एका संशोधन संस्थेतले ज्येष्ठ प्राध्यापक केबिनमध्ये आले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांचे नमुने त्यांच्या फ्रीजरमधून गेले होते. संशय हाताखालच्या एका तरुण संशोधक मुलीवर. "ती संस्था सोडतेय. नमुने तिनेच लंपास केलेत," ते म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ वरून फोन आला. गुन्हा दाखल झाला.

मुलगी घोडपदेवच्या चाळीतली. वडील शिवडीच्या गोदामांचा माल ट्रकने वाहायचे. पीएचडीनंतर तिला तरुण संशोधकांसाठीची सरकारी फेलोशिप मिळाली होती. ही फेलोशिप माणसाच्या नावावर असते. मार्गदर्शकाशी पटलं नाही तर ती घेऊन दुसऱ्या संस्थेत जाता येतं. तिने तसाच अर्ज केला होता. पण गुन्ह्याची बातमी दिल्लीला पोहोचली आणि तिथल्या कार्यालयाने चौकशी संपेपर्यंत फेलोशिपच थांबवली.

चौकशीला ती वडिलांबरोबर आली. "सायबानू, माझा चेडू चोर नाय," एवढंच बोलून ते बाहेर बाकावर बसले. आत महिला उपनिरीक्षकासमोर मी तिला प्रश्न विचारले. खोटा माणूस आधी घाबरतो, मग गोड बोलायला लागतो. ही पोरगी संतापलेली होती.

"सर, ते नमुने उणे ऐंशी डिग्रीला ठेवावे लागतात. घरी नेले तर वाया जातील. वॉर्डावॉर्डात फिरून मीच ते जमवलेत. माझंच काम मी मारून टाकीन?"

"मग कोणी नेले?"

"मी इथून गेलेली ज्याला नकोय, त्याने."

नाव तिने घेतलं नाही. पण मुद्दा बिनतोड होता. चोर माल विकतो किंवा वापरतो, नासवत नाही.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. घाबरलेला तरुण आवाज. "जुन्या इमारतीतला नादुरुस्त फ्रीजर उघडून बघा," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी दोन पंच घेऊन गेलो. प्राध्यापक सोबत आले. "तो बंद आहे हो, चावीही सापडत नाही." मी फ्रीजरला हात लावला. आत मोटर चालू होती.

"कुलूप तोडा रे," मी हवालदाराला सांगितलं. तेवढ्यात सरांच्या खिशातून चावी निघाली. आत सगळे डबे व्यवस्थित रचलेले, प्रत्येकावर त्या मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी. पंचनामा केला आणि सरांना ठाण्यात आणलं.

"सुरक्षित राहावेत म्हणून मीच हलवले होते. विसरलो."

"फिर्याद देतानाही विसरलात?"

ते एकदम उसळले. "मी घडवलंय तिला! फेलोशिप तिची असेल, लॅब माझी आहे. ती हे काम घेऊन गेली तर माझ्याकडे काय उरतं?"

उभ्या नोकरीत चोर पुष्कळ पाहिले. चोरी हा आपला हक्क आहे असं तोंडावर सांगणारा हा पहिलाच.

फोन करणारा त्याच लॅबमधला दुसरा संशोधक निघाला. जबाब द्यायला तो तयार होईना. "सर, माझ्या वार्षिक अहवालावर त्यांची सही लागते. ती नाही मिळाली तर मी संपलो." मी आवाज चढवला, तेव्हा ठाण्यात आलेली ती मुलगीच मध्ये पडली. "त्याला सोडा सर. त्याने फोन केला, तेवढं पुरे."

त्याच्याशिवायही पुरावा भक्कम होता. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली, म्हणून मी कोर्टात 'ब समरी', म्हणजे फिर्यादच खोटी असल्याचा अहवाल, पाठवली. ती मंजूर झाली. सरांवर कारवाई करण्याचा माझा प्रस्ताव मात्र वर कुठेतरी अडकला तो अडकलाच. संस्थेने सरांना समज दिली. समज!

खरा संताप पुढे आला. फेलोशिप पुन्हा सुरू करायला मार्गदर्शकाची सही हवी होती. मी स्वतः दिल्लीला फोन लावला.

"ज्याने खोटी फिर्याद दिली, त्याचीच सही आणायची?"

"साहेब, दुसऱ्या कोणाच्या सहीची तरतूदच नाही."

लोकांच्या पैशातून पोरांना शिकवायचं आणि त्यांची मान एकाच माणसाच्या हातात द्यायची, ही कसली व्यवस्था? शेवटी ती मुलगी दिल्लीला गेली, त्या कार्यालयात ठाण मांडून बसली आणि मार्गदर्शकाऐवजी संस्थेच्या संचालकांची सही चालेल असं लेखी घेऊनच उठली. तोवर वर्ष वाया गेलं होतं. फोन करणाऱ्या मुलाने पुढे संशोधनच सोडलं. आणि सर? नव्या संशोधकांना कसं घडवावं, या विषयावरच्या शिबिरात ते प्रमुख वक्ते होते. पेपरात फोटो पाहिला.

मारहाण करणाऱ्याला अटक करता येते. सही अडवणाऱ्याला कोणत्या कलमाखाली धरायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. या प्रकरणाने एवढंच शिकवलं, की तरुण माणसाचा जीव न घेताही त्याचं आयुष्य हिरावता येतं, आणि ते करणाऱ्याच्या गळ्यात लोक हार घालतात.

नव्या संस्थेत रुजू होण्याआधी ती ठाण्यात आली. कोर्टाच्या आदेशाची प्रत हवी होती.

"आता कशाला? सुटलीस ना तू?"

"तिथे कोणी विचारलं तर दाखवायला लागेल, सर."

गुन्हा न केलेल्या पोरीने निर्दोष असल्याचा कागद जवळ बाळगायचा. मी प्रत काढून दिली. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली.