आमच्या डब्याच्या टेबलावरची डिजिटल दुकानं

धंदा वाढवायला घाम गाळावा लागतो, धंद्याचे किस्से मात्र आपोआप वाढतात. आमच्याकडं तर गिऱ्हाईक एक आणि किस्से चार, अशी गत आहे!

वाळूजच्या कंपनीत आम्ही चौघं एकत्र डबा खातो. स्टोअरमधली मी, तपासणीतली शबाना, डिस्पॅचचे मगरकाका आणि पॅकिंगमधला विठ्ठल. दुष्काळाच्या वर्षी कंपनीला पाणी कमी पडलं, ओव्हरटाइम बंद झाला आणि मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं आम्हाला नादी लावलं. म्हणे, फाइल एकदाच बनवा आणि आयुष्यभर विका, झोपेतसुद्धा कमाई!

मगरकाका म्हणाले, "झोपायचं काम तर मी तीस वर्षं डिस्पॅचमध्ये करतोय. कमाईचं आजच ऐकतोय!"

तरी चौघांनीही दुकान मांडलं. आम्हा तिघांची हौस होती, विठ्ठलचा मात्र जीव अडकला होता. तो मोबाइलवर नाव-तारीख बदलता येईल अशा लग्नपत्रिका बनवायचा. हात फार सुंदर. पण गावाकडं चारा-पाणी संपलं म्हणून मेंढरं विकून त्याचे वडील, आबा, त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले होते, आणि त्यांना हा धंदा धंदाच वाटत नव्हता. "माल कुठंय?" एवढंच विचारायचे. आबांनी एकदा तरी बरं म्हणावं, यासाठी विठ्ठल झुरायचा.

* * *

मगरकाका राहतात बीड बायपासला. तिथं दर महिन्याला नवी इमारत उभी राहते आणि नळाला आठवड्यानं पाणी येतं. काकांनी सोसायट्यांसाठी एक्सेल शीट बनवली. कुठल्या मजल्याला किती पाणी, टँकर कधी मागवायचा, सगळं आपोआप निघतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन!

"काका, शीट एक नंबर आहे. तुमच्या शीटमध्ये आज अकराचा टँकर दाखवतोय."

"बरोबर आहे."

"अहो, साडेअकरा वाजले! कधी पाठवताय?"

* * *

माझी पुस्तिका होती, कमी पाण्यात आणि कमी भांड्यांत स्वयंपाक. पहिली प्रत माझ्या नणंदेनं घेतली, म्हणून मी हरखले. मग रोज सकाळी तिचा फोन सुरू झाला. "वहिनी, ते पिठल्याचं कसं म्हणालात?"

आठवडाभर मी सांगितलं, शेवटी वैतागले. "अगं, पुस्तिकेत सगळं लिहिलंय ना! मग विकत कशाला घेतलीस?"

"विकत घेतली म्हणून तर हक्कानं विचारतेय!"

* * *

शबानाच्या मेंदीच्या नक्ष्या मात्र खरंच खपल्या. कुणी चोरू नये म्हणून तिनं प्रत्येक नक्षीवर आडवं, फिकट अक्षरांत स्वतःचं नाव टाकलं होतं. पैठणच्या एका नवरीनं एक नक्षी घेतली आणि तिच्या मामेबहिणीनं ती दोन्ही हातांवर जशीच्या तशी उतरवली. अगदी जशीच्या तशी!

मेंदीत लपवलेलं आपलं नाव नवऱ्यानं शोधायचं, ही आपल्याकडची गंमत. लग्नानंतर त्या नवरीचा फोन आला. "ताई, तीन दिवस झाले, आमचे हे एकच विचारतायत. शबाना कोण?"

शबाना कपाळावर हात मारून म्हणाली, "मेरेकू क्या मालूम, लोगां नाम भी छाप लेंगे!"

* * *

आता विठ्ठलचं सांगते. त्याची मोरांची पत्रिका फार चालली. एकदा घरी जेवताना आनंदाच्या भरात तो आबांना बोलून गेला, "हीच एक पत्रिका तीस जणांनी घेतली!"

आबांचा घास हातातच राहिला. "एकच मेंढी तीस जणांला इकली? अन् ती अजून आपल्याच कळपात?"

त्यानं फाइल म्हणजे काय ते परोपरीनं समजावलं. आबांनी बोलणंच सोडलं. दोन दिवस विठ्ठलचा डबा तसाच परत गेला, आम्हालाही जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी आबांनी टोपी चढवली. "जवळचं गिऱ्हाईक कोण?"

लासूर स्टेशनचे एक शेतकरी होते, मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. विठ्ठल रजा टाकून आबांच्या मागं मागं गेला.

अंगणात मांडवाची तयारी चाललेली. आबांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "पाव्हणं, माझ्या पोरानं ठकवलं तुम्हाला. तुमच्या पत्रिकेतलं मोर त्यानं आणखी एकोणतीस जणांला दिल्यात. तुमचं पैसं परत घ्या."

विठ्ठलला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मुलीच्या बापानं मोबाइल काढून पत्रिका उघडली. "आबा, ह्यात नाव माझ्याच लेकीचं हाय ना?"

"तुम्ही म्हणताय म्हंजी आसंल."

"हाय की! मग मोर कुठं बी चरू द्या. बसा, चहा घ्या. लग्नाला यायचं, बरं का!"

चहा झाला. परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत बसले. विठ्ठलनं मनात ठरवून टाकलं, घरी गेलो की दुकान बंद.

एवढ्यात शेजारच्या प्रवाशानं सहज विचारलं, "पोरगं काय करतं तुमचं?"

आबांनी टोपी सारखी केली.

"मोर इकतं," ते म्हणाले. "अन् मोर घरीच ऱ्हातो!"